साल्झबर्गला दोन तास नाही, दोन रात्री द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवार पुरवणीत मागे युरोप टूरवर जो लेख आला होता त्याबद्दल लिहितेय. साताऱ्याहून बाबांनी मला व्हॉट्सॲपवर पानाचा फोटो पाठवला, आम्ही नुकतेच ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गला जाऊन आलो होतो म्हणून. लेख तसा छान आहे, फोटो तर भारीच, पण साल्झबर्गबद्दल जे लिहिलंय ते वाचून गप्प बसवेना. 'साउंड ऑफ म्युझिक' हा पिक्चर ज्यांच्यावर आहे ते गाणारं ट्रॅप कुटुंब म्हणे नाझींपासून डोंगर ओलांडून स्वित्झर्लंडला पळालं, त्यातलं 'एडलवाइस' म्हणे ऑस्ट्रियाचं जुनं लोकगीत, आणि सल्ला काय तर मिराबेल गार्डनमध्ये फोटो काढा, चॉकलेटं घ्या, दोन तासांत शहर कव्हर होतं. पहिल्या दोन गोष्टी चक्क चुकीच्या आहेत आणि तिसरीने वाचकांचं नुकसान होतं, कारण लेख वाचून लोक तसंच करतात. टूरवाले पण तसंच करतात, सकाळी बसमधून उतरवायचं आणि जेवायच्या आत परत बसमध्ये.

मी म्युनिकला राहते. आई-बाबा उन्हाळ्यात आले होते तेव्हा एक वीकेंड साल्झबर्गला काढायचा हे आधीच ठरलेलं होतं कारण आईचा हट्ट. आई शाळेत शिक्षिका होती, गॅदरिंगला दरवर्षी पोरांकडून 'डो रे मी' बसवून घ्यायची, त्यामुळे तिच्यासाठी साल्झबर्ग म्हणजे 'साउंड ऑफ म्युझिक' आणि 'साउंड ऑफ म्युझिक' म्हणजे पोरांची गव्हर्नेस मारिया झालेली ज्यूली अँड्र्यूज, विषय संपला. बाबांचं ज्ञान 'परिचय'पुरतं, म्हणजे जितेंद्र आणि 'सा रे के सा रे', तो गुलजारचा पिक्चर काहीसा याच्यावरून सुचलेला हे त्यांना ट्रेनमध्ये कळलं आणि मग त्यांचा इंटरेस्ट एकदम वाढला.

आता डोंगराचं. किल्ल्यावर, म्हणजे होहेनसाल्झबुर्गवर (१०७७ साली आर्चबिशप गेबहार्डने बांधायला घेतलेला, वर जायला दोरीवर ओढली जाणारी छोटी रेल्वे आहे, गुडघेवाल्यांनी काळजी करू नये) उभं राहिलं की दक्षिणेला जो दांडगा डोंगर दिसतो तो उंटर्सबर्ग. पिक्चरच्या शेवटी पोरांचा बाप, कॅप्टन ट्रॅप, धाकटीला पाठीवर घेऊन सगळ्यांसकट डोंगर चढतो तो याच बाजूला. पण या डोंगरापलीकडे स्वित्झर्लंड नाहीच, जर्मनी आहे, आणि त्यातही बेर्ख्तेसगाडेन, जिथे ओबरसाल्झबर्गला खुद्द हिटलरचं घर होतं! म्हणजे कॅप्टनसाहेब सात पोरं घेऊन नाझींपासून पळत पळत थेट हिटलरच्या परसात उतरले असते. स्वित्झर्लंडची हद्द तिथून शेकडो किलोमीटर लांब पश्चिमेला आहे. बाबांनी हे ऐकलं आणि किल्ल्याच्या भिंतीला टेकून जे हसत सुटले ते शेजारचे जपानी लोक बघायला लागले.

खरं झालं ते एवढं फिल्मी नव्हतं. १९३८ मध्ये कुटुंब सरळ ट्रेनमध्ये बसून इटलीला गेलं. कॅप्टन गेऑर्ग फॉन ट्रॅपचा जन्म झाडारचा, आज ते क्रोएशियात आहे पण पहिल्या महायुद्धानंतर ते गाव इटलीकडे गेलं होतं, त्यामुळे त्याच्याकडे इटलीचं नागरिकत्व होतं. तिथून पुढे अमेरिका, गाण्याचे दौरे, आणि शेवटी व्हरमाँटमध्ये स्टो गावात घर. मारिया पण सात पोरांची गव्हर्नेस म्हणून आली नव्हती, १९२६ मध्ये एका आजारी मुलीला घरी शिकवायला आली होती. लग्न १९२७ मध्येच झालं, म्हणजे नाझी यायच्या अकरा वर्षं आधी, आणि नंतर त्यांना आणखी तीन मुलं झाली, म्हणजे एकूण दहा. पिक्चरमध्ये सगळ्यात मोठी मुलगी आहे, खऱ्यात सगळ्यात मोठा मुलगा होता, पुढे डॉक्टर झाला. पिक्चरमध्ये कॅप्टन पोरांना शिट्टीने बोलावतो, ती शिट्टी मात्र खरी! पण कॅप्टन काही तो पिक्चरमधल्यासारखा खडूस नव्हता, पोरांच्या मते तो प्रेमळ होता आणि घरात आवाज चढायचा तो मारियाचा. आईला हे अजिबात आवडलं नाही. "असू दे, पिक्चरमधलीच बरी," म्हणाली.

आणि 'एडलवाइस'. ते गाणं, ज्याच्यावरून पिक्चर निघाला त्या १९५९ च्या ब्रॉडवेच्या नाटकासाठी न्यूयॉर्कवाल्या रॉजर्स आणि हॅमरस्टाइनने लिहिलं. हॅमरस्टाइनने लिहिलेलं ते शेवटचं गाणं, पुढच्याच वर्षी तो गेला, १९६५ चा पिक्चर त्याने बघितलाच नाही. ऑस्ट्रियात ते गाणं कुणाच्या आजीने गायलेलं नाही. आमच्या गेस्ट हाउसच्या मालकीणबाई साठीच्या पुढच्या, जन्म साल्झबर्गचा, त्यांनी पिक्चर पाहिलेलाच नव्हता. नुसतं "हो, अमेरिकन लोक येतात त्यासाठी" एवढंच. हे तिथे नवीन नाही, जर्मन बोलणाऱ्यांकडे याच कुटुंबावर १९५६ मध्येच त्यांचा स्वतःचा पिक्चर येऊन गाजून गेला होता, त्यामुळे हॉलीवूडवाला आला तेव्हा तिथे कुणी विचारलं नाही. साल्झबर्गच्या सरकारी थिएटरमध्ये हे नाटक पहिल्यांदा लागलं ते २०११ मध्ये! जगभर ज्याच्यामुळे शहर माहिती झालं ते शहराला बघायला एवढी वर्षं लागली.

पण म्हणून पिक्चरच्या जागा बघू नका असं मी म्हणत नाहीये, उलट बघाच, फक्त निवांत बघा. मिराबेल गार्डनमध्ये पेगाससचं कारंजं आहे ज्याच्याभोवती पोरं फिरतात, पुढे त्या पायऱ्या, तिथे आईने 'डो रे मी'च्या दोन ओळी म्हटल्याच, आणि बाजूला उभ्या असलेल्या फिलिपिनो बायकांचा ग्रुप लगेच सामील झाला, अर्धं गार्डन गात होतं. हे दोन तासांच्या टूरमध्ये पण जमतं, कबूल आहे. पण नोनबर्गचा मठ जमत नाही. तो किल्ल्याच्या कुशीत आहे, पायऱ्या चढून जावं लागतं, इसवी सन ७१४ च्या आसपासचा, बायकांचा इतका जुना आणि कधीच बंद न पडलेला मठ त्या सगळ्या जर्मन मुलखात दुसरा नाही. खरी मारिया इथलीच आणि खरं लग्न पण इथेच लागलं. पिक्चरवाल्यांना गेटपर्यंतच शूटिंग करू दिलं, आतलं सगळं अमेरिकेत सेट लावून केलं, आणि लग्नाचा सीन मोंडझेच्या चर्चमध्ये घेतला, ते गाव बसने पाऊण तासावर आहे. पिक्चरमध्ये कुटुंब नाझींपासून लपतं ती कबरस्तानातली जागा पण सेटच, पण ज्याच्यावरून सेट केला ते सेंट पीटरचं कबरस्तान गावात आहे आणि तिथे संगीतकार मोझार्टची बहीण नानर्ल पुरलेली आहे, तिच्याकडे कुणी फिरकत नाही, सगळे भावाच्या घराबाहेर सेल्फीला. पिक्चरमधला काचेचा तो गझिबो (बागेतला छोटा मंडप) आता हेलब्रुनच्या महालाच्या आवारात नेऊन ठेवलाय, कुलूप असतं, बाहेरून बघायचा. खरी मजा त्याच आवारातल्या कारंज्यांची, मार्कुस सिटिकुस नावाचा आर्चबिशप होता, चारशे वर्षांपूर्वी त्याने दगडी जेवणाचं टेबल करून घेतलं आणि पाहुणे बसले की स्टुलातून पाणी उडायचं, फक्त याची स्वतःची जागा कोरडी. धर्मगुरू आणि असले उद्योग, बाबा खूश.

आणि रेसिडेन्झप्लाट्झ. इथे मात्र मला मनापासून सांगायचंय, कारण लेखात या चौकाचं नाव 'घोड्यांच्या कारंज्यासमोर फोटो' एवढ्यापुरतं होतं. मारिया मठातून निघते, गिटार घेऊन गाणं म्हणत या कारंज्यापाशी येते आणि घोड्याच्या तोंडावर पाणी उडवते ते हेच. त्याच गाण्यात मागे कमानीपाशी क्षणभर एक बाई जाताना दिसते, ती खरी मारिया फॉन ट्रॅप, आईला हे माहितीच नव्हतं, हॉटेलवर येऊन फोनवर थांबवून थांबवून बघितलं. तर याच चौकात ३० एप्रिल १९३८ ला पुस्तकांची होळी झाली. मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि दीड महिन्यात इथे ज्यू लेखकांची आणि कॅथलिक लेखकांची वगैरे पुस्तकं जाळली, लोक बघायला जमले होते. श्टेफान त्स्वाइग हा ज्यू लेखक या शहरात कित्येक वर्षं राहिला, त्याची पण पुस्तकं त्यात होती. चौकात आता त्या पुस्तकांच्या होळीचं स्मारक आहे, जमिनीत, पायाखाली, माहिती नसेल तर कारंज्याकडे बघत त्याच्यावरून चालत जाल, आमच्या समोर दोन टूर ग्रुप तसेच गेले आणि त्यातला एक आपल्याकडचाच होता, मराठीत 'इकडे या इकडे या' चाललेलं.

तसंच लिओपोल्ड्सक्रोनचं. तळ्याकाठचा महाल, कॅप्टनच्या घराची मागची बाजू म्हणून लोक तळ्याच्या या काठावरून फोटो काढतात (खरं म्हणजे तळ्याचे सीन शेजारच्या आवारातले आहेत, आणि घराची पुढची बाजू तिसरीकडेच, फ्रोनबुर्ग म्हणून आहे, तिथे आता संगीताचे विद्यार्थी राहतात). हा महाल माक्स राइनहार्टचा होता, मोठा नाट्यदिग्दर्शक, १९१८ मध्ये पडका असताना घेतला आणि उभा केला. १९२० मध्ये ज्यांनी साल्झबर्ग फेस्टिव्हल सुरू केला त्यातला हा एक, कॅथेड्रलसमोर उघड्यावर 'येडरमान' नाटक त्याने केलं आणि अजून दर उन्हाळ्यात ते तिथेच होतं. तो ज्यू होता म्हणून १९३८ मध्ये नाझींनी महाल काढून घेतला, तो १९४३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वारला, परत आलाच नाही. ट्रॅप लोक निघून गेल्यावर त्यांच्या आयगेन भागातल्या घरात हिटलरचा बडा साथीदार हिमलर येऊन राहिला, हे पण 'साउंड ऑफ म्युझिक'च्या टूरमध्ये पटकन उरकतात. मला विचाराल तर पिक्चरमध्ये जे शेवटच्या अर्ध्या तासात घाईघाईत येतं ते या शहरात बघायला सगळ्यात जास्त आहे, आणि बघितल्यावर पिक्चर अजून आवडतो, निदान आईला आवडला.

थोडं कामाचं. म्युनिकहून लोकल ट्रेनने पावणेदोन-दोन तास, जर्मनीचं महिन्याचं तिकीट असेल तर साल्झबर्ग स्टेशनपर्यंत चालतं, बायर्न तिकीट (बव्हेरिया राज्याचं दिवसाचं) पण चालतं, वेगळे पैसे लागत नाहीत. पासपोर्ट जवळ ठेवा! शेंगेन आहे, देशादेशांत तपासणी नाही म्हणून बॅगेत हॉटेलवर ठेवून फिरू नका, परत येताना सीमेवर जर्मन पोलीस गाडीत चढतात आणि आपल्यासारखे चेहरे दिसले की हमखास विचारतात. साल्झबर्ग कार्ड (पर्यटकांचा पास) घेतलं तर किल्ला, हेलब्रुन, मोझार्टचं जन्मघर (गेट्राइडेगासे ९, १७५६ मध्ये तिथेच जन्मला), बस आणि उंटर्सबर्गचा केबल कार पण त्यातच, म्हातारी माणसं बरोबर असतील तर केबल कारने वर नेऊन आणा, चालावं लागत नाही आणि जर्मनी-ऑस्ट्रिया दोन्ही दिसतं. पिक्चरच्या सुरुवातीचं ते गिरकीवालं कुरण मात्र तिथे नाही, ते खाली जर्मनीच्या हद्दीत कुणाच्या तरी खाजगी जमिनीत आहे. रेनकोट न्या, १९६४ मध्ये शूटिंगवाल्यांचे दिवसच्या दिवस पावसात गेले होते, अजून तसाच पडतो, आपल्या महाबळेश्वरसारखा जोर नाही पण थांबत नाही. रविवारी बहुतेक दुकानं बंद.

खाण्यात शाकाहारी लोकांनी कासनोकन मागावं, चीजमध्ये लोळवलेले पिठाचे गोळे, वर तळलेला कांदा, एक प्लेट दोघांत पुरते. गोड नोकर्लमध्ये अंडं असतं, आईने बघूनच पोट भरलं. बोस्ना नावाचा सॉसेजवाला पाव एका बल्गेरियन माणसाने तिथे सुरू केला, बोळात खिडकी आहे आणि वर चक्क करी पावडर भुरभुरतात, नवऱ्याने दोन खाल्ले. मोझार्टच्या चॉकलेटांचं म्हणाल तर लाल-सोनेरी कागदातली विमानतळावर पण मिळतात, निळ्या-चंदेरी कागदातली फ्युर्स्टच्या दुकानात घ्या, १८९० मध्ये पहिल्यांदा त्यांनीच केली आणि अजून हाताने करतात.

तर संपादकसाहेब, एवढंच करा, स्वित्झर्लंडची आणि 'एडलवाइस'ची दुरुस्ती छोट्या चौकटीत का होईना पण छापा, आणि लेखकांना माझा निरोप द्या की पुढच्या वेळी रेसिडेन्झप्लाट्झवरून जाताना खाली बघा. लेखकांचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, त्यांचा इटलीवरचा लेख मला खरंच आवडला होता.

आपली वाचक,
म्युनिक (मूळ सातारा)