आवाहन : सामायिक विहीर आणि तिच्याभोवतीच्या जमिनीच्या तपासणीसाठी

पेठेतील सर्व सन्माननीय रहिवासी, विहिरीचे हितचिंतक आणि कामानिमित्त परगावी असलेली आपली मंडळी यांस सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यापासून आपल्या सामायिक विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास येतो आहे, हे कोणाला नव्याने सांगण्याची गरज नाही. दिवाळीनंतर पाण्यावर तवंगही दिसू लागला. लोहयुक्त पाण्यावर धरणारा पापुद्रा काठीने हलवला की त्याचे तुकडे होतात. हा तवंग मात्र फाटला तरी लगेच पुन्हा जुळून येतो, म्हणजे तो तेलाचाच असण्याची शक्यता अधिक. विहिरीच्या वरच्या अंगाला, एस. टी. स्थानकाच्या वळणावर, फार वर्षांपूर्वी बंद पडलेला पेट्रोलपंप आहे. त्याची यंत्रे गेली, छप्पर गेले, पण जमिनीखालच्या लोखंडी टाक्या बाहेर काढल्याचे कोणीही पाहिलेले नाही. गळती तेथूनच होते असे ठामपणे म्हणण्याचा अधिकार आज आपल्याला नाही, कारण तपासणीच झालेली नाही. ती व्हावी, यासाठी विहिरीच्या समितीचे हे आवाहन आहे.

ही विहीर पेठेने कशी राखली, हे नव्या रहिवाशांना ठाऊक असावे. १९७२ च्या दुष्काळात तालीम आणि भजनी मंडळ या दोहोंनी मिळून तिचा गाळ उपसला. त्या श्रमदानातील चार-पाच ज्येष्ठ आजही आपल्यात आहेत आणि सभेला सर्वांत आधी तेच येतात. कठडा ढासळला तेव्हा गवंडीकाम करणाऱ्या दोघा भावांनी मजुरी घेतली नाही. थोरल्या वाड्यातील आजींनी पाटल्या मोडून मोटारीसाठी पैसे दिले आणि फलकावर नाव लावू दिले नाही. कन्याशाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई दर वर्षी गुढीपाडव्याला न मागता रक्कम पाठवतात, आणि महिला बचत गटाने गेल्या उन्हाळ्यात आपल्या शिलकीतून जाळी बसवून दिली. २०१६ साली टँकरची वाट पाहत शेजारच्या आळ्या रात्र-रात्र जागत होत्या, तेव्हा या विहिरीने कोणालाही रिकाम्या हंड्याने परत पाठवले नाही. अशा विहिरीला आज कुलूप लावावे लागले आहे.

पाण्याचा नेहमीचा अहवाल ‘पिण्यायोग्य’ असा आला, त्यामुळे अनेकांना समितीची चिंता अनाठायी वाटते. परंतु त्या तपासणीत क्षार, कठीणपणा, नायट्रेट आणि जंतू पाहिले जातात. बेंझिन, टोल्यूइन, झायलिन हे पेट्रोलमधील घटक तपासलेच जात नाहीत. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेले आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला केवळ १० मायक्रोग्रॅम ठेवली आहे. तुरटी किंवा टीसीएल (ब्लीचिंग) पावडर यांचा येथे काही उपयोग नाही. पाणी घरात उकळले तर वाफ आपल्याच श्वासात जाते. काही मंडळींनी आस्थेने प्लॅस्टिकच्या बाटल्यांतून नमुने आणून दिले, त्यांचे आभार. पण हे घटक उडून जाणारे असल्याने नमुना काचेच्या कुपीत, हवेचा बुडबुडाही न राहता, काठोकाठ भरून बर्फात न्यावा लागतो.

‘टाक्या उपसा आणि माती फेकून द्या’ अशी सूचना वारंवार येते. ती समितीला मान्य नाही. आपल्याकडे मातीच्या थराखाली मुरूम आणि त्याखाली भेगाळलेला काळा पाषाण आहे. पेट्रोल मुरमातून झिरपते, पाण्याहून हलके असल्याने भूजलावर तरंगते आणि भेगा नेतील तिकडे जाते. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की तेही खाली उतरते, पावसाळ्यात वर येते आणि प्रत्येक वेळी मधला थर माखून ठेवते. ते कोठवर पोहोचले हे न पाहता खणले, तर खर्च होईल आणि विष जागेवरच राहील. शिवाय भिजलेली माती हा घातक कचरा आहे. ती ओढ्याकाठी टाकता येत नाही, अधिकृत प्रक्रिया केंद्राकडेच न्यावी लागते. म्हणून आधी वेगवेगळ्या खोलीवरील मातीचे नमुने आणि भूजलाच्या वाहण्याची दिशा कळण्यासाठी किमान तीन निरीक्षण-विंधन विहिरी, एवढेच काम पहिल्या टप्प्यात आहे. शिसेयुक्त पेट्रोल देशात १ फेब्रुवारी २००० पासून बंद झाले आणि हा पंप त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होता, त्यामुळे मातीतील शिसेही तपासले जाईल. गळती किती जुनी आहे, याचा त्यावरून काही अंदाज येईल.

हा खर्च आपण का करायचा, असे मागील सभेत विचारले गेले. प्रश्न रास्त आहे. दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये अधिसूचित केले. त्यांनुसार संशयित जागेची नोंद स्थानिक संस्थेने अथवा जिल्हा प्रशासनाने करायची आहे, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची आहे आणि दोष ठरल्यास शुद्धीकरणाचा खर्च जबाबदार पक्षाने सोसायचा आहे. शुद्धीकरणासाठी समिती आपल्याकडून एक रुपयाही मागत नाही. मात्र आकड्यांविना दिलेल्या आपल्या दोन अर्जांचे काय झाले, ते सर्वांनी पाहिले आहे. पावसाळ्यापूर्वीचा आणि नंतरचा, असे दोन्ही नमुने आपल्या हाती असले तर तिसरा अर्ज बाजूला सारणे सोपे जाणार नाही. मृगापूर्वीची संधी हुकली, तर पूर्ण वर्ष जाईल.

एक गोष्ट मनात सलते, ती लिहितो. गणेशोत्सवाची वर्गणी या पेठेत दोन संध्याकाळींत पूर्ण होते, याचा आम्हालाही अभिमान आहे. विहिरीच्या सभेला मात्र सतरंजीचा एक कोपरादेखील भरला नाही, आणि ज्यांच्या घरात याच विहिरीचे पाणी वर्षानुवर्षे गेले त्यांच्यापैकी काहींनी पावतीपुस्तक पाहून दार लोटून घेतले. राग नाही, परंतु या खेपेस तसे होऊ नये.

पहिल्या टप्प्यास २,४०,००० रुपये लागतील, पैकी ८५,००० जमा आहेत. प्रत्येक घराने किमान १,००० रुपये अक्षय्य तृतीयेपर्यंत द्यावेत, अधिक देणाऱ्यांचे स्वागत आहे. रोख रक्कम खजिनदारांकडे सायंकाळी ६ ते ८, धनादेश समितीच्या नावे, खाते क्रमांक मंदिराशेजारील फलकावर, पावती अवश्य घ्यावी, हिशेब आणि अहवाल दोन्ही तेथेच लावले जातील. रसायनशास्त्राचे वा भूशास्त्राचे पदवीधर, तसेच पंपावर पूर्वी काम केलेले किंवा टाक्यांची जागा दाखवू शकणारे यांनी रविवारी सकाळी समितीच्या खोलीत यावे. जुनी छायाचित्रेही चालतील.

कार्यकारिणीच्या वतीने,
आपला नम्र,
चिटणीस

ता. क. : विहिरीत हवा आहे की नाही, हे पाहण्यासाठी कंदील सोडण्याची आपली जुनी रीत सध्या कटाक्षाने टाळावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती विहिरीत साचते आणि ठिणगीने पेटते. कुलूप काढून आत कोणीही उतरू नये, मोटार चालू करू नये.