वायसरचे पैसे वेगळे ठेव

जालना, रविवार

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

युगांडाच्या शाळेत पंप बसवायला तू कॅनडात पैसे गोळा करतेस, त्याचा तुझा व्हिडिओ आईने मला तीनदा दाखवला. पहिल्यांदा मी तुलाच बघितलं. दुसऱ्यांदा तुझ्या उघड्या हातांकडे लक्ष गेलं, तिथे बर्फ पडतोय म्हणे. तिसऱ्यांदा मागच्या पडद्यावरचा फोटो दिसला आणि मी फोन आईच्या हातातून ओढूनच घेतला. युगांडाच्या त्या शाळेच्या आवारात लांब दांड्याला दोन पोरं लोंबकळलीत, तिसरं खाली कॅन धरून बसलंय. अगं, तो आपला हापसा आहे!

आपला म्हणजे खरोखर आपला. तिकडे त्याला ‘यू टू’ म्हणतात, इकडे ‘इंडिया मार्क टू’. माझी सगळी नोकरी ज्याच्यावर गेली तोच. आणि त्याची मुळं कुठे आहेत माहीत आहे? आपल्या जालन्यात आणि सोलापुरात. पूर्वी गावोगाव बिडाचे पंप बसवायचे. मूळ नमुना युरोप-अमेरिकेतल्या शेतावरच्या पंपाचा, एका घरापुरता. इथे त्याच्यावर अख्खं गाव सकाळपासून रात्रीपर्यंत हापसणार. किती दिवस टिकेल? मग जालन्याच्या मिशनमधल्या लोकांनी पोलादी पंप केला, दांड्याला एकच खीळ ठेवली. सोलापूरच्या मिशनवाल्यांनी दांड्याला चेन लावली, म्हणजे आतला रॉड सरळ वर-खाली होतो, तिरका ओढला जात नाही. 1970च्या दशकात युनिसेफने पुढाकार घेऊन त्यावरूनच मार्क टू तयार करवला. तो इथून आफ्रिकेत गेला. तू पैसे गोळा करतेस कॅनडात, पाणी लागणार युगांडात, आणि मधली चेन सोलापूरची. मला तर रात्री झोप लागेना.

तू आईला त्या रायन रेल्जॅकची गोष्ट सांगितलीस, ती तिने मला सांगितली. 1998 साली, सहा वर्षांचा असताना, ओंटारिओतल्या शाळेत बाईंनी सांगितलं की सत्तर डॉलरमध्ये विहीर होते. पोराने चार महिने घरची कामं करून सत्तर डॉलर जमवले, आणि पैसे द्यायला गेला तेव्हा कळलं की सत्तरमध्ये नुसता पंप येतो, बोअर मारायला दोन हजार लागतात. तर म्हणाला, मी अजून कामं करीन. 1999च्या जानेवारीत उत्तर युगांडात अंगोलोच्या शाळेत त्याची बोअर झाली. पोरगं गुणी, यात वादच नाही. पण मेकॅनिकच्या कानाला त्यात वेगळंच ऐकू येतं. सत्तर हा पहिला आकडा, दोन हजार हा दुसरा. तिसरा आकडा दुरुस्तीचा, तो कुणी पोस्टरवर लिहीत नाही. म्हणून हे पत्र.

1994च्या मे महिन्यात मी एका वस्तीवर गेलो होतो. साठेक घरं. वर्षापूर्वी तिथे हापसा बसला होता, नारळ फुटला होता, फोटो निघाला होता. मी गेलो तेव्हा दांडा वर करून ठेवलेला, आणि एका म्हातारीने हापशाला म्हैस बांधलेली. मला बघून म्हणाली, “दावणीला बरा हाय, हालत नाही.” तिपाई उभी केली, दहा फुटी पाइप एकेक करून चौदा काढले, चार माणसांचा घाम निघाला, तेव्हा तळचं सिलिंडर वर आलं. आतले चामड्याचे वायसर, म्हणजे पिस्टनवरचे वॉशर, भाकरीच्या पापुद्र्यासारखे झालेले. बाकी पंप ठणठणीत. दहा-वीस रुपयांच्या वायसरपायी त्या बाया अडीच महिने दीड कोस चालत होत्या, कारण कचेरीत साहित्य नव्हतं आणि अर्ज कुणाच्या तरी टेबलावर होता. तो वायसर शेवटी मी माझ्या खिशातून घेतला. यात मोठेपणा नाही, त्या म्हशीची लाज वाटली.

तर तू ज्यांना पैसे देणार आहेस त्यांना विचार. गावात पाणी कमिटी आहे का, आणि महिन्याला थोडे पैसे ती जमवते का? जवळचा हापसा मेकॅनिक किती लांब राहतो? पंप यू टू आहे की यू थ्री? यू थ्रीमध्ये पाइप न उपसता वरूनच पिस्टन काढता येतो, तिपाई लागत नाही, बायासुद्धा दुरुस्त करतात. आणि पाइप कसले घालणार हे नक्की विचार. तिकडे बऱ्याच ठिकाणी पाणी आम्लधर्मी आहे, त्यात जी.आय. म्हणजे जस्त चढवलेले लोखंडी पाइप गंजतात, पाणी लालसर येतं, भात-कपडे डागतात, मग बाया पुन्हा डबक्यावर जातात. पंप चालू असतो आणि पीत कुणीच नाही. तिथे स्टेनलेस स्टील लागतं, महाग पडतं, पण मग एका शाळेऐवजी अर्धीच शाळा झाली असं समजू नकोस.

आता तुझ्या पोस्टरबद्दल. रागावू नकोस. त्यावरचा डबक्यावर वाकलेल्या पोराचा फोटो काढून टाक. 1972च्या दुष्काळात मी चार वर्षांचा होतो. अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन आमची पिढी जगली. आजी सांगायची, एक दिवस खडीच्या कामावर कॅमेरेवाला पाहुणा आला. पोरांच्या ताटल्यांत सुकडी होती. त्याने ती आधी संपवायला लावली आणि मग रिकाम्या ताटल्या पुढे धरून बसवलं. आजीने त्या दिवशी माझ्या डोक्याला तेल लावून भांग पाडला होता, तोही पाहुण्याने विस्कटला. सुकडीचे उपकार आजी कधी विसरली नाही, आणि भांगाचंही नाही. तो फोटो कुठल्या देशात कुणाच्या भिंतीवर लागला असेल, देव जाणे. ते दांड्याला लोंबकळलेलं चित्र लाव की. त्यात पोरं हसतायत.

हिशोब वहीत लिहितेस ना? फोनमध्ये नको. कुणी पाच डॉलर दिले तरी नाव लिही, आणि वायसर-पाइपाचे पैसे वेगळ्या पानावर ठेव.

पुढच्या महिन्याच्या खर्चात दोन हजार रुपये जास्त टाकलेत, ते माझ्याकडून त्या पानावर. आई म्हणते, त्यातून आधी हातमोजे घे. तुम्ही दोघी काय ते ठरवा.

पंप बसला की नुसता पोरांचा फोटो मागू नकोस. वरचं झाकण उघडून चेनचा एक फोटो काढायला सांग. कोरडी दिसली तर ग्रीस कुठे लावायचं ते मी लिहून पाठवतो, तू इंग्रजी करून दे.

तुझे अण्णा