संशोधन ओपीडीतूनच निघते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुलांच्या आणि मोठ्यांच्या मेंदूतील गाठींवर उपचार करता करता संशोधनात हयात घालवणाऱ्या डॉक्टरांवरचा आपला लेख वाचला. लेख चांगलाच आहे, पण त्यात हुशारीचे कौतुकच जास्त झाले. सकाळी पेशंट तपासणारा माणूस दुपारी प्रयोगशाळेत कशाला जातो, हे सांगायचे राहून गेले.

माझे औषधांचे दुकान आहे. मेंदूच्या गाठीवरच्या टेमोझोलोमाइड या औषधाच्या कॅप्सूल मागवून देतो. उलटीची गोळी अगोदर, कॅप्सूल रिकाम्या पोटी आणि फोडायची नाही, हे प्रत्येकाला बजावतो. ‘अडीच महिने जास्त जगण्यासाठी एवढा खर्च?’ असे नातेवाईक तोंडावर विचारतात. त्यांचेही चुकत नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ग्लायोब्लास्टोमा या मोठ्यांच्या मेंदूतल्या घातक गाठीचे ५७३ पेशंट होते. नुसत्या रेडिएशनवर निम्मे जण १२.१ महिन्यांच्या पुढे गेले, जोडीला हे औषध दिल्यावर १४.६ महिन्यांच्या. पण दोन वर्षांनीही हयात असलेल्यांचे प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेले, हे त्याच चाचणीतले. आणि ज्यांच्या गाठीत एमजीएमटी नावाचे जनुक बंद असते त्यांना औषध अधिक लागू पडते, हे त्याच पेशंटांच्या जपून ठेवलेल्या गाठींवरून कळले.

मुलांचेही तसेच. मेड्युलोब्लास्टोमा ही मुलांच्या मेंदूतली कर्करोगाची गाठ एकच नसून तिचे चार मुख्य गट आहेत, हे गाठींचे तुकडे तपासूनच उमगले. त्यातल्या एका गटातली बहुतेक मुले बरी होतात, म्हणून त्यांना रेडिएशन कमी देता येईल का, यावर चाचण्या झाल्या. वाढत्या मेंदूवर रेडिएशन काय करते, हे शाळेत मागे पडलेल्या मुलांच्या आईवडिलांना विचारा.

आपल्याकडे मात्र तुकड्याला किंमत नाही. इथे ऑपरेशन करून पेशंट सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई गाठतो, तर परळच्या टाटा रुग्णालयात पहिली मागणी स्लाइड आणि ब्लॉकची. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, काडेपेटीहून लहान. तो कुठल्या लॅबमध्ये पडलाय हेच घरच्यांना ठाऊक नसते. मग कुणीतरी पुन्हा सोलापूरला!

संशोधन म्हणजे अमेरिकेचे काम, असेही नाही. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयातून खेड्यापाड्यांतल्या कर्करोगाची नोंद १९८७ पासून ठेवली जाते. देशातली ग्रामीण भागातली ती पहिली नोंदणी. नीटच्या निकालानंतर चौकाचौकात फ्लेक्स लागतात, पण त्यातल्या किती मुलांना हे कुणी सांगितले असेल?

शिकाऊ डॉक्टरांना आठवड्यातली एक दुपार तरी संशोधनासाठी मोकळी मिळावी. तोवर ब्लॉकचा नंबर आणि लॅबचे नाव डिस्चार्ज कार्डावर लिहून द्यायची पद्धत सर्वच रुग्णालयांनी पाडावी. त्याला पैसाही लागत नाही. आणि बार्शीच्या कामावर आपल्या आरोग्य पुरवणीत एक पान द्यावे, ही विनंती.

– एक औषधविक्रेता, साखर पेठ, सोलापूर