जपान ‘करून झाला’ म्हणजे काय?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पर्यटन पुरवणीत जपानवर पानभर मजकूर होता. त्यातल्या तीन वाक्यांखाली मी लाल पेनाने रेघा मारल्या. पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत वह्या तपासल्यात, हात राहत नाही. पहिलं वाक्य, ‘एकदा जपान करून झाला की दुसऱ्यांदा जाण्यात काही हशील नाही.’ दुसरं, ‘रयोकानची हौस तरुणांनी करावी, घरातल्या म्हाताऱ्यांना तिथं नेऊ नये.’ आणि तिसरं, ‘शाकाहारी मंडळींनी बिनधास्त मिसो सूप प्यावं.’ (रयोकान म्हणजे तिकडची जुन्या वळणाची मुक्कामाची जागा, जमिनीवर गाद्या घालून झोपायची.) तिन्ही चूक. तिसरं तर धडधडीत.

आम्ही दोनदा गेलो, 2018 च्या आणि 2024 च्या मे महिन्यात. मुलगा पुण्याला नोकरीला आहे, मोठा खर्च त्याचा. बाकी माझी पेन्शन आणि ह्यांच्या सोयाबीनची पट्टी. दोन्ही वेळा सासूबाई बरोबर होत्या. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. पहिल्यांदा त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या, दुसऱ्यांदा ऐंशीच्या. माळकरी आहेत, कांदा-लसूणही चालत नाही.

पहिल्या खेपेला एका टूर कंपनीबरोबर गेलो. सहा रात्री आणि पाच हॉटेलं. रोज सकाळी बॅगा भरायच्या, रोज रात्री उघडायच्या. वर आम्ही गेलो ते नेमके एप्रिलअखेर ते 5 मेच्या दिवसांत. तिकडे तेव्हा सुट्ट्यांना सुट्ट्या लागून येतात, त्याला गोल्डन वीक म्हणतात आणि अख्खा देश रस्त्यावर असतो. हे ना आम्हाला माहीत, ना कंपनीने सांगितलं. हाकोनेतल्या रयोकानमध्ये आमची एक रात्र होती, तिथं बस पोचली नऊला. रयोकानचं जेवण संध्याकाळी सहा-सातला वाढतात. स्वयंपाकघर कधीच बंद झालं होतं. दर माणशी असतो, त्यात रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी धरलेली असते. म्हणजे जेवणाचे पैसे भरून आम्ही रात्री धपाटे खाल्ले.

त्यात तिथल्या सामाईक न्हाणीघराच्या दारात आत्यांना अडवलं. त्यांच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण आहे. काउंटरवरच्या बाईने कमरेत वाकून माफी मागितली आणि दोन्ही हातांची फुली करून दाखवली. गोंदण म्हटलं की तिकडे याकुझा, म्हणजे गुंडांच्या टोळ्या आठवतात, म्हणून अनेक ठिकाणी मनाई असते. मुलाने हे समजावून सांगितलं तर आत्या म्हणाल्या, “माझ्या हातावर तुळस हाय, दरोड्याचा शिक्का न्हाई.” पण परत आल्या आणि खोलीतल्या नळाखाली आंघोळ केली. दुसऱ्या दिवशी कुणीतरी टोफूची, म्हणजे सोयाबीनच्या पनीरची वाटी पुढे ठेवली, वर पातळ तपकिरी पापुद्रे, वाफेने वळवळणारे. “अगं, हे हलायलंय की!” ते वाळवलेल्या माशाचे कीस होते. त्यानंतर चार दिवस दुपारी आणि रात्री त्या बिस्किटं, केळी आणि सोबत नेलेल्या शेंगदाण्याच्या चटणीवर राहिल्या.

तर अशा रीतीने आमचा जपान ‘करून झाला’.

दुसऱ्या खेपेला मुलगा म्हणाला, गावं तीनच. ओसाकाच्या हॉटेलात चार रात्री, कोयासानच्या डोंगरावर देवळात एक, आणि किनोसाकीला रयोकानमध्ये तीन. सुट्ट्यांची गर्दी ओसरल्यावर निघालो. रेल्वेचा सात दिवसांचा पास ऑक्टोबर 2023 मध्ये 29,650 वरून एकदम 50,000 येन झाला. तीनच गावं असल्याने सुटी तिकिटंच स्वस्त पडली. मोठ्या बॅगा हॉटेलातून कुरियरने पुढच्या मुक्कामी धाडल्या, दुसऱ्या दिवशी त्या तिथं हजर. ह्यांच्या गुडघ्यांनी मुलाला दुवा दिला असेल.

जेवणाचं मात्र आधी नीट लिहून कळवावं लागतं, आणि पुरवणीने नेमकं हेच सांगायला हवं होतं. तिकडे ‘मांस खात नाही’ एवढं म्हटलं की भागत नाही. बहुतेक पदार्थांच्या बुडाशी दाशी असतं. कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि त्याच वाळवलेल्या माशाचा कीस उकळून काढलेलं पाणी. मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला गोळा, तो शाकाहारीच. पण सूप करताना तो विरघळवतात तो सहसा या पाण्यात. मुलाने तीन रयोकानना जपानीत लिहिलं, की माशाचा रस्सासुद्धा नको. दोघांनी नम्रपणे नकार दिला. तिसऱ्यांनी कळवलं, नुसत्या कोंबूचं पाणी करू, पंधरा दिवस आधी माणसं नक्की सांगा. माणशी 19 हजार येन, तेव्हाच्या भावाने दहा हजार रुपयांच्या आसपास. महाग आहेच, पण दोन्ही जेवणं धरून.

कोयासानला तर काही सांगायचीच गरज पडली नाही. हे मठांचं गाव 816 साली कूकाई नावाच्या साधूने वसवलं, पन्नासहून जास्त देवळांत मुक्कामाची सोय आहे. तिथल्या शोजिन, म्हणजे मठातल्या सात्त्विक जेवणात मासा नाही, मांस नाही, कांदा-लसूणही नाही. तिळाचा मऊसूत टोफू, मिठात मुरवलेल्या भाज्या, भात. आत्यांनी परदेशात पहिल्यांदा ताट चाटूनपुसून खाल्लं. पहाटे प्रार्थनेला सगळ्यांत आधी तयार त्याच. काकड्याला उठायची सवय ती. जमिनीवर झोपायचं म्हणून कुरकुर केली ती माझ्या नातवाने.

आता किनोसाकी. गावातून एक अरुंद नदी जाते, काठाला झाडं, आणि सात सार्वजनिक न्हाणीघरांसाठी गाव प्रसिद्ध आहे. रयोकानमधून पाहुण्यांना पास देतात. अंगात युकाता, म्हणजे सुती झगा, आणि पायात लाकडी खडावा घालून लोक या न्हाणीघरातून त्या न्हाणीघरात खडखड करत फिरतात. नातवाने युकाताची उजवी बाजू वर घेतली तर वाढपीण धावत आली आणि उलटी करून दिली. तशी फक्त मेलेल्या माणसाला नेसवतात.

या सार्वजनिक न्हाणीघरांत गोंदण चालतं. मुलाने म्हणूनच हे गाव निवडलं होतं, पण आत्यांना सांगितलं नव्हतं. त्या उत्तर तयार ठेवूनच आत शिरल्या. कुणी ढुंकून पाहिलं नाही. मला वाटतं त्यांना ते थोडं लागलंच.

आत आधी छोट्या स्टुलावर बसून अंग स्वच्छ घासायचं आणि मगच कुंडात उतरायचं. अंगावर चिंधी नाही. मी संकोचले, आत्या नाहीत. कुंडाच्या काठावरून पाणी सतत सांडत होतं. त्या ते बघतच राहिल्या. “इतकं पाणी कुठनं यायलंय गं?” 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, तेव्हा आम्ही घागरी घेऊन टँकरपुढे उभे होतो. आत्यांनी तीनही दिवस अंग धुतलं ते एका छोट्या लाकडी घंगाळ्याने, मोजून चार घंगाळी. शॉवरला हात लावला नाही.

रात्री आम्ही जेवत असताना खोलीत गाद्या घालून ठेवल्या होत्या. उशाजवळ भिंतीला एक बॅटरी अडकवलेली. काढली की आपोआप पेटते. आत्यांनी विचारलं, ही कशाला? माझ्या सुनेने सांगितलं, भूकंपासाठी. 23 मे 1925 ला इथं मोठा भूकंप झाला, मागून आग लागली, गाव जळालं. ते त्याच जागी पुन्हा बांधलं. आत्यांचं माहेर किल्लारीच्या बाजूचं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेनंतर आजतागायत त्या उशाशी बॅटरी घेऊन झोपतात; प्रवासातही ती पिशवीत असते. “आपली गावं उठवून दुसरीकडं नेली. हे तिथंच कसं ऱ्हायले?” सून म्हणाली, गरम पाण्याचे झरे इथंच आहेत ना. आत्यांनी भिंतीवरची बॅटरी एकदा काढून पेटवून पाहिली, जागेवर अडकवली आणि स्वतःची त्या रात्री पिशवीतून काढली नाही.

म्हाताऱ्यांना नेऊ नये म्हणणाऱ्यांनी फार तर बेड असलेली खोली मागून घ्यावी. मिळते.

मिसो सूपची दुरुस्ती मात्र ठळक छापावी, ही विनंती. आणि कृपा करून माझं नाव छापू नये. 2018 साली हॉटेलच्या न्याहारीत आत्यांनी ते सूप ‘आपल्या सोयाबीनचं वरण’ म्हणून रोज दोन-दोन वाट्या प्यायलंय. मला त्यातलं मर्म सहा वर्षांनी कळलं, आणि त्यांना मी ते अजून सांगितलेलं नाही.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, औसा, जि. लातूर