पाणी कुठलं ते सापडलं

सोलापूर

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, तुला हवी ती बातमी आधी सांगते. आपल्या कॅम्परच्या, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीच्या, संडासात खाली येत होतं ते पाणी चांगलं होतं, घाण नव्हतं. अक्कलकोटहून येताना पायाला ओल लागली आणि तू "या गाडीत मी पुन्हा पाय ठेवणार नाही" म्हणून मोकळी झालीस. फोनवर हा विषय निघाला की तू ताईच्या हातात फोन देतेस, म्हणून पत्र.

दुरुस्ती किरकोळच निघाली, वेळ गेला तो शोधण्यात. भांड्याखालच्या कॅसेटमध्ये, म्हणजे मैल्याच्या टाकीत, आपण टाकतो ते औषध निळं असतं. ती गळत असती तर पाणी निळसर आलं असतं, आणि वासाने गाडीत उभं राहवलं नसतं. हे पाणी स्वच्छ होतं, बिनवासाचं. तरी खात्री हवी म्हणून सगळं टॉवेलने कोरडं केलं, भांड्याभोवती वर्तमानपत्रं अंथरली आणि नळांना व फ्लशला पाणी देणारा पंप रात्रभर बंद ठेवला. सकाळी कागद कोरडे ठणठणीत. मग फ्लशला हात न लावता नुसता पंप चालू केला. सगळे नळ बंद, तरी पंप मधूनच आपला टुर्रकन वाजायचा. म्हणजे दाबातलं पाणी कुठून तरी निसटत होतं. थोड्या वेळाने मागच्या कागदावर रुपयाएवढा डाग उमटला. मोबाइलचा टॉर्च धरून बघितलं तर फ्लशच्या व्हॉल्व्हला पाइप जोडलाय त्या नटाखाली एक थेंब लोंबत होता. पंप वाजला की तो फुगायचा, आणि टपकन खाली.

मेकॅनिक म्हणत होता, भांड्याभोवती सिलिकॉन भरून टाका, झालं. मी नको म्हटलं. तेच पाणी मग न दिसता प्लायवूडखाली मुरलं असतं आणि तळ कुजला असता.

पंप बंद करून, नळ सोडून दाब काढला आणि नट उघडला. आतला वायसर कडक होऊन चिरला होता. भोवती आपल्या बोअरच्या पाण्याचा पांढरा थर होता, तो लिंबूसत्त्वाच्या पाण्याने निघाला. नवा वायसर घातला. नट प्लॅस्टिकचा, म्हणून हाताने घट्ट करून पान्ह्याने जरासाच आवळला. जोर लावला तर तोच फुटतो. आता पंप गप्प आहे.

बाबा, कॅसेटच्या झाकणाचं रबर गळत नाहीये, पण इथल्या ४३ अंशांत बंद गाडीत ते सुकत चाललंय. तुम्ही व्हॅसलिन लावायला सांगाल हे मला ठाऊक आहे. त्याने रबर फुगतं, म्हणून सिलिकॉनचं वंगण लावलंय. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तेव्हा ते झाकण, म्हणजे भांड्याखालची सरकती पाती, उघडी ठेवते, म्हणजे रबर चिकटून बसत नाही. निघताना मात्र ती बंद हवी आणि भांडं रिकामं.

तुमच्या गुडघ्यांना खाली बसवत नाही, आणि रस्त्यावरच्या ढाब्यांत कमोड मिळेलच असं नाही. तुळजापूर जवळ आहे, पण पुढे पंढरपूरही करायचंय ना? कॅसेट ओतायचं काम माझं, तुम्ही दोघांनी त्यात पडायचं नाही. नाशिकहून कधी निघताय ते कळवा, म्हणजे मी गाडीतली पाण्याची टाकी भरून ठेवते. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही हे लक्षात असू द्या.

तुमची,
धाकटी