सीटी स्कॅन सरसकट नको, फाउंड्री कामगारांपासून सुरुवात करा

महोदय,

फुफ्फुसांच्या कर्करोगाचे निदान वेळेत व्हावे म्हणून आरोग्य शिबिरांतून सर्वांचे सीटी स्कॅन करावेत, अशी मागणी अधूनमधून होते. त्यामागची कळकळ खरी आहे. परंतु सार्वजनिक पैसा खर्च करायचा, तर तपासणी कोणाची करायची हे आधी ठरवले पाहिजे.

अमेरिकेत ५५ ते ७४ वयाच्या, दीर्घकाळ भरपूर धूम्रपान केलेल्या ५३ हजारांहून अधिक व्यक्तींवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. एक्स-रेच्या तुलनेत कमी मात्रेच्या सीटी स्कॅनमुळे या कर्करोगाचे मृत्यू सुमारे २० टक्क्यांनी घटले, ही मोठीच गोष्ट आहे. मात्र एक मृत्यू टळण्यासाठी सुमारे ३२० जणांची दरवर्षी एकदा अशी तीन वेळा तपासणी करावी लागली, म्हणजे जवळपास ९६० स्कॅन झाले. शिवाय संशयास्पद ठरलेल्या निष्कर्षांपैकी ९६ टक्के कर्करोगाचे नव्हतेच. हा हिशेब सर्वाधिक धोक्याच्या गटाचा आहे. ज्यांना धोका कमी, त्यांचीही तपासणी सुरू केली की टळणाऱ्या प्रत्येक मृत्यूमागचा खर्च झपाट्याने वाढत जातो.

आपल्याकडे त्यात क्षयाची भर पडते. जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत आणि बऱ्या झालेल्या क्षयाचे व्रण स्कॅनमध्ये गाठीसारखे दिसू शकतात. मग पुन्हा स्कॅन, बायोप्सी, पुण्या-मुंबईच्या फेऱ्या आणि बुडालेली मजुरी. शिबिराच्या अंदाजपत्रकात हा खर्च दिसत नाही, कारण तो रुग्णाच्या घरातून जातो.

कोल्हापुरात धोक्याचा गट शोधायला लांब जावे लागत नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींमध्ये, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांमध्ये, मोल्डिंग (वाळूचे साचे बनवणे) व फेटलिंग (ओतीव भाग घासून साफ करणे) करणाऱ्यांच्या श्वासातून सिलिकाची धूळ आत जाते, आणि ही धूळ कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच जाहीर केले आहे. यांपैकी पन्नाशी ओलांडलेल्या आणि वर्षानुवर्षे विडी-सिगारेट ओढणाऱ्या कामगारांची यादी कारखान्यांकडून घेऊन, कंत्राटी कामगार न वगळता, सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) या सरकारी रुग्णालयात त्यांची तपासणी सुरू करावी. तिथेच व्यसन सोडवण्यासाठी समुपदेशन द्यावे, कारण विडी सुटली तर त्याच पैशात अधिक आयुष्ये वाचतात. संशयित रुग्णांच्या पुढील तपासण्यांचा खर्च शासनाने उचलावा आणि किती स्कॅनमागे किती रुग्ण सापडले, त्यावर एकूण किती खर्च झाला, हे दरवर्षी जाहीर करावे. योजना वाढवायची की नाही, याचा निर्णय त्या आकड्यांवरून घ्यावा.

– एक वाचक, कोल्हापूर