सव्वाबाराचा प्राइम टाइम

मराठी चित्रपटांना थिएटर मिळत नाही, ही ओरड अर्धीच खरी. आम्हा छोट्या वितरकांना पडदा मिळतो, वेळ मिळत नाही. २०१५ मध्ये मल्टिप्लेक्समधील मराठीसाठी प्राइम टाइम दुपारी १२ ते रात्री ९ असा ठरला. म्हणजे कामाच्या दिवशी सव्वाबाराचा शो लावला की झाले नियमपालन! त्यात डिजिटल प्रक्षेपणाचे व्हीपीएफ (व्हर्च्युअल प्रिंट फी) हे शुल्क वितरकानेच भरायचे, प्रेक्षक चार असोत वा चारशे. रिळांच्या पेट्या गेल्या, प्रिंटचा खर्च मात्र नाव बदलून राहिलाच. सोमवारचे आकडे पाहून शो कापतात. चांगल्या चित्रपटाची तोंडी प्रसिद्धी तोवर जेमतेम सुरू झालेली असते. अनुदान राहू द्या. संध्याकाळी सहानंतरचा एक शो, सलग दोन आठवडे, एवढे सरकारने बघावे.

– एक चित्रपट वितरक, कोल्हापूर